निळ्या कोपऱ्याची बाई

अंबरपेठ, हैदराबाद
११ जानेवारी २०२४

आत्याबाई, जय भीम.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तातेराव भाऊजींनी तुमच्या भाच्याला, संदेशला सांगितलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. खरं तर मला हेच बरं वाटतं. फोनवर मी नुसतं "बरं आहे ना, जेवलात ना" एवढंच बोलते आणि ठेवून देते.

बातमी अशी की माझ्या वाकळा परदेशी निघाल्या आहेत. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात रॉटरडॅमच्या एक बाई आल्या होत्या. रॉटरडॅम हे हॉलंडमधलं बंदर. तिथे त्यांचं पांघरुणांचं दुकान आहे. दोन वाकळा घेऊन गेल्या होत्या, आता दोनशे मागताहेत. माझ्याकडे नऊ जणी शिवायला येतात. त्यांतल्या तेलुगू बाया वाकळेला बोंता म्हणतात. आकडा ऐकून त्रिवेणी म्हणाली, "अक्का, दोनशे बोंता म्हणजे आमची बोटं पण त्यांच्यात शिवून पाठवायची का?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण मी मनात दिवस मोजत होते.

त्या बाईंना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? तुमचा कोपरा. निळी घडी, वर पांढरे तीन टाके. त्यांनी त्याचाच फोटो दुकानाच्या कार्डावर छापला. तो फोटो पाहिल्यापासून मला चैन नाही. उद्या तिकडच्या कुणी तसाच कोपरा लावून विकायला सुरुवात केली तर? संदेशच्या ओळखीने विद्यानगरला पद्मावती मॅडमकडे गेले. त्या ट्रेडमार्कचंच काम करतात. म्हणाल्या, "गीतागारू, माल पाठवायच्या आधी खूण नोंदवा. आणि इथे नोंदवली म्हणजे तिकडे नोंदली जात नाही. तिकडे ज्याचा अर्ज आधी, त्याची खूण." तेव्हा आधी इथे अर्ज, मग तिकडे.

अर्जात एक प्रश्न आहे: ही खूण कधीपासून वापरात आहे? जितकी जुनी तितकी पक्की, असं मॅडम म्हणतात. मला आठवतं ते एवढंच. प्रणिताच्या वेळी तुम्ही बाळंतपणाला आलात, या दोन खोल्यांत तीन महिने राहिलात आणि मला वाकळ शिवायला शिकवलंत. पहिली वाकळ संपत आली तेव्हा मी म्हटलं होतं, "आत्याबाई, कोपरा तुमचाच घालते." तुम्ही काही बोलला नाहीत, निळं कापड काढून दिलंत. त्याआधीचं मला काही माहीत नाही. जमेल तसं लिहाल का?

तुमची
गीता


देगलूर
२२ जानेवारी २०२४

गीता, तुला, संदेशला आणि प्रणिताला जय भीम.

डोळा बरा आहे. आता भिंतीवरची पालसुद्धा स्वच्छ दिसते. त्याचं काय करू ते डॉक्टरनं सांगितलं नाही.

कोपरा चौऱ्याहत्तरचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी. माझं लग्न नवं होतं. सासूबरोबर मी मोठ्या घरांच्या वाकळा शिवायला जायची. कापड त्यांचं, सुई आमची. आम्हाला अंगणापर्यंत येऊ द्यायचे, पुढं नाही. शिवून झाली की आतल्या बाया वाकळ उचलून घरात न्यायच्या, आणि त्यांची लेकरं तीच अंगावर घेऊन झोपायची. मला याचं लई नवल वाटायचं. सासू म्हणायची, नवल करत बसू नको, टाका बारीक घाल.

शिवणाऱ्या प्रत्येक बाईचा एक कोपरा असायचा. सगळ्यात शेवटी घालायचा. सासूचा लाल चौकडीचा होता. तो शोभेचा नसतो, माय. त्याचा अर्थ एवढाच की ही वाकळ मी शिवली, उसवली तर मला बोलवा. बोलावणं आलं की जायचं आणि फुकट शिवून द्यायची. वाकळ विरून जाईपर्यंत, नाहीतर बाई मरेपर्यंत.

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीतल्या झेंड्याचं निळं कापड उरलं होतं. मी त्याची घडी घातली, वर पांढऱ्या दोऱ्याचे तीन उभे टाके. गावात माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, जातीनं हाक मारायचे. कोपरा घालायला लागल्यावर हळूहळू निरोप यायला लागले, निळ्या कोपऱ्याच्या बाईला पाठवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सासूकडं बघितलं. ती खाली मान घालून टाके घालत होती, पण हसत होती.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकले तेव्हापासून नुसती खुशाली लिहीत आले. तू विचारलंस म्हणून हात चालला.

एक विचारते. दोनशे वाकळांचा शेवटचा कोपरा कोण घालणार?

तुझी
केसरआत्या


अंबरपेठ, हैदराबाद
१० फेब्रुवारी २०२४

आत्याबाई, जय भीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग प्रणिताला दिलं. संदेश जामबागेतल्या मराठी शाळेत शिकला, पण हिचं सगळं इंग्रजीत झालं. तुमचं अक्षर तिने बोट ठेवून वाचलं, चार ठिकाणी अडली. शेवटी एवढंच म्हणाली, "मम्मी, ये तो पचास साल से अपनाच है."

पाच तारखेला अर्ज गेला. प्रणितानेच भरला. कधीपासून वापरात, तिथे तिने उत्साहात १९७४ लिहिलं. आता इथून सहा महिन्यांत हॉलंडकडचा अर्ज केला तर तिकडेही हीच पाच फेब्रुवारी धरतात. म्हणजे पाच ऑगस्टपर्यंतची मुदत. मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला आहे आणि जाता-येता बघते.

पण एक अडचण निघाली. मॅडमनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "गीतागारू, चौऱ्याहत्तरला तुमचा जन्म तरी झाला होता का?" म्हणजे खूण इतकी जुनी म्हणायची तर ती आधी तुमची होती आणि तुम्ही ती मला दिली, असा कागद लागणार. तो सोबत पाठवला आहे. जिथे पेन्सिलीने फुली आहे तिथे तीन सह्या करायच्या. पहिल्या पानावर तुमचं नाव, माझं नाव वगैरे आहे. दुसऱ्या पानावर नेहमीचा कायद्याचा मजकूर आहे, त्यात डोळे शिणवू नका.

तुमचं पत्र मी मॅडमना दाखवलं. त्यांनी झेरॉक्स काढून चौऱ्याहत्तरच्या ओळीखाली पिवळी रेघ मारली. असा पुरावा लोकांकडे नसतो, पत्रं जपा म्हणाल्या. तेव्हा यापुढेही पत्रावर तारीख आणि कोपऱ्याचा उल्लेख असू द्या.

कामाची फार घाई आहे. बाकी सविस्तर नंतर.

तुमची
गीता


मु. पो. देगलूर
दिनांक २४ फेब्रुवारी २०२४

सौ. गीता हिस केसरबाईचा जय भीम.

मी खुशाल आहे. डोळा बरा आहे. ऊन वाढलं आहे. कागद मिळाला.

कोपऱ्याचा उल्लेख असू द्या असं तू लिहिलंस म्हणून करते. कोपरा निळा आहे.

केसरबाई


अंबरपेठ, हैदराबाद
२७ मार्च २०२४

आत्याबाई, जय भीम.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. तुम्ही मला कधी 'सौ. गीता हिस' असं लिहिलं नव्हतं.

मी विचारायला हवं होतं, हे कबूल. पत्र तुम्ही मला लिहिलं होतं आणि मी ते टेबलावर ठेवून परक्या बाईला त्यावर रेघ मारू दिली. पण आत्याबाई, मी ते तुमचं काही उघडं पाडायला दाखवलं नाही. मला अभिमान वाटला होता.

महिना झाला, कागद परत आला नाही. इकडे माझी अवस्था विचित्र झाली आहे. टाका घालताना तिसऱ्या टाक्याला उठते, फोन बघते, पुन्हा बसते. रॉटरडॅमच्या बाईंनी कळवलंय की तिथल्या एका मोठ्या दुकानाने त्यांच्याकडे चौकशी केली, हा निळा कोपरा कुणाचा म्हणून. चौकशी म्हणजे फक्त चौकशी असेलही. पण मला रोज सकाळी वाटतं, आज त्यांनी अर्ज केला असेल. करोनात बालवाडीची नोकरी गेल्यावर मी हे एका सतरंजीवर बसून सुरू केलं. आता नऊ घरांच्या चुली यावर आहेत. हे हातातून गेलं तर मी त्या नऊ जणींना काय सांगू?

एक मनात येतं ते लिहूनच टाकते. तातेराव भाऊजींना वाटत असेल की आईच्या नावावर गीता मोठी होतेय आणि आपल्याला काही नाही, तर त्यांनी सरळ संदेशशी बोलावं. तुम्हाला मध्ये घालून कागद अडवू नये. मी कुणाचं बुडवणार नाही.

रागाने लिहिलं असेल तर माफ करा. पण सही करा.

गीता


अंबरपेठ, हैदराबाद
३ मे २०२४

आत्याबाई, जय भीम.

दरवर्षी चौदा एप्रिलला तुमचं पत्र येतं. या वर्षी आलं नाही. संदेश दोनदा खाली जाऊन पेटी बघून आला. मी खिडकीतून पाहिलं.

परवा देगलूरहून आलेल्या एका पाहुण्याकडून कळलं की तुमच्या दारात वाकळांची गाठोडी येतात आणि तुम्ही ऑपरेशन झालेल्या डोळ्याने दिवसभर शिवत बसता. तुम्ही स्वतःच्या कोपऱ्याने विकायला सुरुवात केली असेल तर तो तुमचा हक्क आहे. मला फक्त सांगा, म्हणजे मी मॅडमना तसं सांगेन. दोघींनी एकच खूण वापरली तर अर्ज टिकणार नाही, असं त्या म्हणतात.

लाल गोलाला तीन महिने उरले.

गीता


देगलूर
१९ मे २०२४

गीता, जय भीम.

पहिल्यांदा तातेरावाचं सांगते. तुझं मार्चचं पत्र मी त्याला दाखवलं नाही. आपली पत्रं मी कुणाला दाखवत नाही. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सकाळी शाळेत शिपायाची ड्युटी करतो आणि संध्याकाळी टीव्ही बघतो. त्याच्या मनात कुणाचं काही नसतं, हीच त्याची अडचण आहे.

आता गाठोड्यांचं. मी काही विकत नाही. त्या वाकळा तुझ्या आहेत.

गेल्या वर्षी नांदेडच्या लग्नात तुझ्या वाकळा आहेरात दिल्या होत्या. त्यातली एक त्या पोरीची सासू घेऊन आली. मधला टाका उसवला होता, चांगला हातभर. ती म्हणाली, "केसरबाई, कोपरा तुमचा, म्हणून आले." मी वाकळ उलटी करून बघितली. कडेचे टाके हाताचे, मधले मशीनचे. मशीनचा टाका सरळ असतो, पण एक तुटला की सगळी ओळ निघून येते. मी तिला काय सांगणार होते? की हा कोपरा माझा आहे पण वाकळ माझी नाही? पन्नास वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. मी सुई घेतली.

मग दुसरी आली, तिसरी आली. बाया एकमेकींना सांगतात. एक तर निझामाबादहून बसनं आली. आजपर्यंत अकरा. डोळ्याला त्रास झाला तो यानं, म्हाताऱ्या वयानं नाही. तुला मी लिहिलं नाही, कारण तू परदेशी निघाली होतीस. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये असं मला वाटलं. जानेवारीत विचारलं होतं, शेवटचा कोपरा कोण घालणार म्हणून. तू उत्तर दिलं नाहीस. तेव्हा कळलं की मशीनचं तू मला सांगणार नाहीस.

पण चूक तुझी एकटीची नाही. पहिल्या वाकळेला तू म्हणालीस, कोपरा तुमचाच घालते. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की असं करत नसतात. दुसरीचा कोपरा घालणं म्हणजे आपल्या टाक्यांचं ओझं तिच्यावर घालणं. तू आदरानं म्हणालीस. मला बरं वाटलं. माझ्या पोटी पोरगी नाही, कोपरा माझ्याबरोबर जाणार होता. त्या बरं वाटण्यात मी गप्प बसले, आणि तुला तुझा कोपरा करायला शिकवलंच नाही. अर्धी वाकळ शिकवली मी तुला.

कागद सोबत आहे. तिन्ही सह्या केल्या आहेत. दुसरं पान आमच्या इथल्या मास्तरकडून वाचून घेतलं. मला निळा कोपरा घालायचा असेल तर तुझी लेखी परवानगी लागेल, असं त्यात आहे. ठीक आहे. हे हात तरी आता किती दिवस चालणार. तुझ्या नऊ घरांपुढं माझा एक कोपरा मोठा नाही. तुझी मुदत चुकू नये.

फक्त एक कर. वाकळा तिकडं गेल्यावर उसवल्या तर कोण जाणार, ते आधी ठरव. माझ्याच्यानं रॉटरडॅमला जाववणार नाही.

तुझी
केसरआत्या


अंबरपेठ, हैदराबाद
३० जून २०२४

आत्याबाई, जय भीम.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. रोज कागद पुढ्यात घेत होते आणि ठेवून देत होते. आज लिहिते आहे, कारण आता तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी आहे.

आधी जे लपवलं ते. मशीन दीड वर्षापूर्वी घेतलं. मागणी वाढली, त्रिवेणीची मान धरायला लागली, हाताने एक वाकळ व्हायला बारा दिवस. मी स्वतःची समजूत घातली की कडा तर हाताच्याच आहेत आणि बघणारा कडाच बघतो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं. आणि दुसरं पान. त्यात काय आहे हे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. मी तुम्हाला लिहिलं, डोळे शिणवू नका.

तुमच्या तीन सह्या घेऊन मी विद्यानगरला गेले. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या आता काम झालं. प्रणिता बरोबर होती. तिने दुसरं पान उचललं आणि माझ्यासाठी म्हणून मोठ्याने त्याचं मराठी करायला लागली, तिच्या त्या तुटक मराठीत. "केसरबाईला हा कोपरा लावायचा असेल तर तिने आधी गीताला विचारायचं." एवढं म्हणून तिने पान खाली ठेवलं. तिने विचारलं, "मम्मी, कोपरा नानीचा, आणि नानी तुला विचारणार?" बारा वेळा वाचलेला कागद, आत्याबाई. तिच्या तोंडून ऐकल्यावर मला त्या खोलीत बसवेना. तुम्हाला अंगणात बसवून वाकळ आत नेणाऱ्या बायांत आणि माझ्यात मग काय फरक राहिला?

अर्ज मागे घेतला. मॅडमनी दोनदा समजावलं. पाच फेब्रुवारीची तारीख गेली, मोठ्या दुकानाने मध्येच काही केलं तर हात चोळत बसाल, असंही म्हणाल्या. मी हो म्हटलं. बाहेर येऊन रिक्षात बसले.

घरी आल्यावर नऊ जणींना बसवून सगळं सांगितलं. त्रिवेणीने विचारलं, "मग अक्का, तुमचा कोपरा कोणता?" शेचाळीस वर्षांची बाई, शेकडो वाकळा शिवल्या, आणि स्वतःचा कोपरा नाही. आठ दिवस कापडाचे तुकडे पुढ्यात घेऊन बसले. फुलं केली, चांदण्या केल्या, सगळं उसवलं. तुमचा प्रश्न डोक्यात होता, उसवल्यावर कोण जाणार. मी रॉटरडॅमला जाऊ शकत नाही, हे तर खरंच. मग एक दिवस कोपऱ्यात नुसता खिसा शिवला. दोन बोटं जातील एवढा, हळदी रंगाचा. आत त्याच वाकळेचा दोरा गुंडाळी करून ठेवला, आणि एक चिठ्ठी: माझं नाव, पत्ता, उसवली तर कळवा. जवळ असेल तर मी येईन, लांब असेल तर वाकळ पाठवा, नाहीतर दोरा आत आहे. प्रणिता म्हणते, कानातलं हरवायला चांगली जागा केलीस.

चोवीस जूनला त्या खिशाचा अर्ज गेला. कधीपासून वापरात, हा प्रश्न पुन्हा आलाच. मी प्रणिताला सांगितलं, लिही, अजून सुरू व्हायचा आहे.

रॉटरडॅमच्या बाईंना मशीनचं खरं कळवलं. आठवडाभर उत्तर नाही. त्या आठवड्यात माझी नखं संपली. मग आलं: दोनशे नकोत, चाळीस पाठवा, सगळ्या हाताच्या. निळ्या कोपऱ्याचं त्यांना फार वाईट वाटलं. चाळीसवर नऊ घरं चालतील की नाही मला माहीत नाही. मशीनवर उशांचे अभ्रे शिवून विकायचे, असं सध्या ठरवलंय. त्यांना कोपरा नाही. निळे कोपरे लावलेल्या सत्तर वाकळा तयार होत्या. ते आम्ही उसवून काढले. सोबत पुडक्यात आहेत, तुमचे तुम्हाला. सही केलेला कागदही परत पाठवते आहे. आणि खिशाची पहिली वाकळ, पूर्ण हाताची, तुमच्यासाठी.

त्या अकरा जणींचे पत्ते मला द्या. यापुढे कुणी तुमच्याकडे आली तर माझं नाव सांगा.

एक धास्ती मात्र जात नाही. निळा कोपरा तिकडे आता कुणाच्याच नावावर नाही. कार्डावर त्याचा फोटो छापलेला आहे. उद्या कुणी उचलला तर आपल्याला काही करता येणार नाही, असं मॅडम म्हणतात. तुमची खूण मी आधी लोकांना दाखवली आणि मग अशी उघड्यावर सोडून दिली. याचं काय करू?

तुमची
गीता


देगलूर
२१ जुलै २०२४

गीता, तुला, संदेशला आणि माझ्या प्रणिताला जय भीम. मी तिची नानी झाले हे मला नवीन आहे, पण चालेल.

पुडकं मिळालं. सत्तर कोपरे मोजले नाहीत, डब्यात ठेवले. एक वाकळ शिवायला घेतली आहे, तातेरावासाठी. बिनपरवानगीची.

कोपरा तिकडं कुणी उचलला तर उचलू दे. निळं कापड काय, सगळीकडं मिळतं. उसवल्यावर कुणाला बोलावतील?

तुझी वाकळ चांगली झाली आहे. उलटी केली, उजेडात धरली, ओढून बघितली. टाका बारीक आहे. खिसा बघून मला आधी हसू आलं, मग चिठ्ठी वाचली. पंधरा दिवस अंगावर घेतली. कुठंही सैल पडली नाही.

म्हणून आज सकाळी जेवण झाल्यावर मीच ब्लेड घेतलं आणि मधली एक ओळ हातभर उसवली. दोरा खिशात आहे, सुई माझ्याकडं आहे, पण मी लावणार नाही. चिठ्ठीत लिहिलंय, जवळ असेल तर मी येईन. हैदराबादहून देगलूर पाच तास.

वाकळ उसवली आहे. कोपरा तुझा आहे. ये.

केसरआत्या